आधी मांडणी पाहा, मग बाजार!

येरवड्याला राहते म्हटलं, की समोरची बाई हमखास हसते आणि विचारते, "आत की बाहेर?" १९७८ साली लग्न होऊन इथं आले, तेव्हापासून हा विनोद ऐकते आहे. तुरुंग आणि मनोरुग्णालय, या दोन जागांनी आमचं नाव इतकं गाजवलं आहे, की इथं साधी संसारी माणसंही राहतात, दिवाळीला करंज्या तळतात आणि महिनाअखेरीला हिशेब जुळवतात, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. तर मैत्रिणींनो, आजची गोष्ट याच येरवड्यातल्या एका स्वयंपाकघराची आहे.

गुंजन चौकापासून जवळच दोन खोल्यांत माझा पुतण्या राहतो. त्याची बायको, म्हणजे आमची पुतणसून, मोठी हौशी. फोनवर बघून बघून केक शिकली, बिस्किटं शिकली. शेजारपाजारच्यांनी चाखून "छान, छान" म्हटलं. मग एका बारशासाठी तिला विचारणा झाली, "तीन डझन छोटे टार्ट करून द्याल का? पैसे देऊ."

दुसऱ्याच दिवशी दुपारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत यादी होती. पेस्ट्री बोर्ड, रोलिंग पिन, पेस्ट्री कटर, स्क्रेपर, ब्रश, डॉकर, टार्टचे साचे, पाय वेट्स, पाइपिंग बॅग, नोझलचा संच, फिरता स्टँड, कूलिंग रॅक... मोजून सतरा वस्तू, आणि सर्वांत शेवटी ओव्हन.

"काकू, एवढं घेतलं की सुरू करता येईल. या महिन्यात माझी भिशी लागली आहे."

"आणि ती भिशी कशासाठी लावली होतीस?"

तिनं मान खाली घातली. भिशी लावली होती मुलीच्या जूनमधल्या फीसाठी. पुतण्या वाईट नाही, पण तोही म्हणाला होता, "हौस म्हणून कर, त्यात पैसे घालू नकोस." तिला ते लागलं होतं. आणि मला दिसत होतं ते निराळंच. ही सतरा वस्तू आणणार, पहिल्याच घाण्याला काहीतरी बिघडणार, फी अडणार, आणि मग "सांगितलं होतं ना" हे वाक्य तिला जन्मभर ऐकावं लागणार. पुन्हा कधी चार पैसे मिळवायचं तिनं नावही काढलं नसतं. आपल्यापैकी किती जणींची शिवणयंत्रं आणि आइस्क्रीमची भांडी अशी माळ्यावर गेली आहेत, आठवून पाहा!

मी म्हटलं, "वही मिट आणि माझी मांडणी उघड."

नाव विचारू नका, काम विचारा

कोणत्याही अवजाराबद्दल एकच प्रश्न विचारावा: हे नेमकं काय करतं? यासाठी आमच्या येरवड्याचंच उदाहरण देते. गांधीजी १९३० साली इथल्या तुरुंगात होते, तेव्हा चरखा लहान कसा करता येईल यावर त्यांनी बरंच डोकं चालवलं. जुन्या चरख्याचं मोठं थोरलं उभं चाक जाऊन त्याजागी पेटीत आडवी बसणारी दोन चाकं आली. हा पेटीचरखा 'येरवडा चक्र' म्हणूनच ओळखला जातो. चाती फिरवण्याचं काम तेच राहिलं, रूप मात्र बदललं. आपल्यालाही हेच करायचं आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे दुकानात 'पेस्ट्री' म्हणजे क्रीम लावलेला केकचा तुकडा. इथं मी म्हणते आहे ती पेस्ट्री म्हणजे मैदा आणि लोणी एकत्र करून केलेलं खुसखुशीत कवच. टार्ट, पाय, खारी, पॅटिस हे सगळे तिचे प्रकार. तिच्या सगळ्या अवजारांची कामं मिळून चारच. पीठ गार ठेवणं, सारखं लाटणं, नीट कापणं आणि चोहीकडून सारखी धग देणं.

यांतली पहिली तीन कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. चिरोटे आठवा. पोळीवर तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावायचा, पोळीवर पोळी ठेवायची, गुंडाळी करून कापायची आणि पुन्हा लाटायची. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, मधलं तूप थरांना चिकटू देत नाही, आणि पापुद्रे सुटतात. खारीचं आणि पॅटिसचं मर्मही तेच. फरक एवढाच, की आपल्या घरात भट्टी नव्हती, म्हणून आपण पापुद्रे कढईत फुलवले. ज्या बाईला चिरोट्याचे पदर सोडवता येतात, तिला पेस्ट्रीची भीती कशाला?

पीठ गार कसं ठेवाल?

पेस्ट्रीचा पहिला शत्रू म्हणजे ऊब. लोणी वितळून मैद्यात मुरलं, की कवच खुसखुशीत न होता चिवट किंवा तेलकट होतं. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तर हे सांगायलाच नको.

संगमरवरी बोर्डाचं काम गारवा देणं. तुमच्या ओट्याचा कडप्पा किंवा ग्रॅनाइट हेच काम करतो. काम पहाटे नाहीतर रात्री काढा. आधी ओटा स्वच्छ पुसून त्यावर बर्फ घातलेली मोठी परात दहा मिनिटं ठेवा, मग परात उचलून ओटा कोरडा करा. यापेक्षा चांगला बोर्ड विकत मिळणार नाही.

पेस्ट्री कटर म्हणजे मैद्यात लोणी बारीक तोडण्याचं तारांचं अवजार. त्याऐवजी लोणी फ्रीझरमध्ये कडक करा आणि सरळ किसणीवर मैद्यात किसा. बोटांच्या टोकांनी हलकेच चोळलं, की रव्यासारखं पीठ तयार. तळहात लावू नका, तळहात बोटांपेक्षा गरम असतो. किसणी नको असेल तर दोन काटे घेऊन लोणी तोडावं.

ओट्यावरचं पीठ गोळा करायला आणि गोळ्याचे तुकडे पाडायला स्क्रेपर लागतो. पातळ, सरळ धारेचं उलथनं हे काम छान करतं. मात्र माशाचं किंवा लसणीच्या फोडणीचं उलथनं यासाठी घेऊ नका, लोणी वास पटकन ओढून घेतं.

लाटणं आणि कापणं

रोलिंग पिन म्हणजे लाटणंच की! आपलं लाटणं मध्ये फुगीर असेल तर पेस्ट्री मध्ये पातळ आणि कडेला जाड होते. म्हणून शेवयांचं किंवा पापडाचं सरळ लाटणं काढा. तेही नसेल तर पाण्याची सरळ, गुळगुळीत स्टीलची बाटली बर्फाच्या पाण्यानं भरून बाहेरून कोरडी करा. लाटायलाही होईल, गारवाही राहील.

सगळीकडे सारखी जाडी ठेवण्यासाठी एक साधी युक्ती आहे. मुलांच्या दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या धुऊन, पुसून पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि लाटणं त्या पट्ट्यांवरून फिरवा. पट्टी जेवढी जाड, तेवढंच पीठ जाड. टार्टला साधारण ३ मिलिमीटर हवं.

नक्षीदार कापणीचं चाक? ते तर तुमच्या फराळाच्या डब्यात आहे! करंजीची कड कापायचं दातेरी चाकाचं कातणं, कुणी त्याला फिरकी म्हणतात, हुबेहूब तेच अवजार आहे. आमच्या पुतणसुनेनं यादीतली सातवी वस्तू इथंच खोडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

गोल कापायला पातळ कडेची वाटी, पेला किंवा डब्याचं झाकण घ्या. कड मैद्यात बुडवा, सरळ खाली दाबा, पिळू नका. पिळलं की कड आवळते आणि थर चिकटतात.

डॉकर म्हणजे पिठाला टोचे मारणारा काटेरी रूळ. आपला जेवणाचा काटा पुरे. ब्रशाऐवजी स्वच्छ पांढऱ्या मलमलीची छोटी पुरचुंडी दुधात भिजवून, पिळून, हलकेच टेकवत न्यावी. तिखट पॅटिसवर लावायचं असेल तर कांद्याच्या पातीचं टोक उभं चिरलं की झाला कुंचला.

साचे आणि वजनं

टार्टचे साचे म्हटल्यावर मी तिच्यापुढे इडलीपात्र ठेवलं. ती बघतच राहिली. इडलीची ताटली दांड्यावरून सुटी करा. प्रत्येक खळग्याला तूप लावून पेस्ट्रीची चकती बसवा. ताटलीला भोकं असतील तर उत्तमच, वाफ खालून निघून जाते. आता खरी गंमत. रिकाम्या टार्टचं कवच भाजताना फुगून वर येऊ नये, म्हणून परदेशात त्यावर वजनं ठेवतात. आपण दुसऱ्या ताटलीला खालून तूप लावून ती पहिल्या ताटलीवर बसवायची. पीठ दोन्हींच्या मध्ये नीट धरलं जातं. दहा मिनिटांनी वरची ताटली काढायची आणि कवच मोकळं भाजू द्यायचं.

मोठा, एकच टार्ट करायचा असेल तर केकचं भांडं चालेल. त्यात बटर पेपर घालून वर राजमा नाहीतर हरभरे पसरा. हे कडधान्य पुन्हा शिजवून खायचं नाही. बरणीत भरून 'वजनासाठी' अशी चिठ्ठी लावून ठेवा, वर्षभर तेच वापरता येतं.

भाजलेली कवचं गार करायला कूलिंग रॅक हवा, कारण ताटात ठेवली तर खालून वाफ धरते आणि ती मऊ पडतात. पापड भाजायची स्वच्छ जाळी किंवा मोदकपात्राची भोकाची ताटली दोन वाट्यांवर टेकवली, की झाला रॅक.

कोन, नोझल आणि रवी

पाइपिंग बॅग म्हणून बऱ्याच जणी दुधाची पिशवी वापरतात. काम होतं, पण दुधाचा वास जाता जात नाही आणि कोपऱ्यांत साय राहते. त्यापेक्षा मेंदीचा कोन वळतो तसा बटर पेपरचा कोन वळा. हे सांगायला मी कशाला हवी? लग्नघरातली चिमुरडी पोरसुद्धा तो वळते! टोक बेताचं कापा.

चांदणीच्या आकाराचं नोझल हवं तर सोऱ्या काढा. चकलीची चकती लावून बिस्किटाचं मऊ पीठ त्यातून थेट ताटलीवर पाडता येतं. परदेशात बिस्किटांसाठी मिळणारं यंत्र म्हणजे आपला सोऱ्याच, निराळं नाव घेतलेला.

केक फिरवण्याचा स्टँड? एक पातेलं पालथं घाला, वर तळ गुळगुळीत असलेलं ताट ठेवा आणि डाव्या हातानं ताट फिरवत राहा. थोडी सवय करावी लागते, पण जमतं.

क्रीम फेटायला बर्फावर ठेवलेलं पातेलं आणि लाकडी रवी पुरते. इथं दोष बहुधा अवजाराचा नसतो, क्रीमचा असतो. २५ टक्के स्निग्धांशाची साधी क्रीम कितीही घुसळली तरी उभी राहत नाही. स्निग्धांश ३० टक्क्यांच्या वर हवा. खोक्यावर छापलेलं वाचून घ्या, म्हणजे हात दुखल्याचं दुःख होणार नाही. आणि क्रीमवाचून अडतं कुठं? मलमलीत बांधून ठेवलेला चक्का आहे ना!

भट्टीचं काय?

आता चौथं काम, धग. हेच सगळ्यात अवघड.

मी नवी नवरी होते तेव्हा मे महिन्यात सासूबाई नानकटाईचं सामान घेऊन जवळच्या बेकरीत निघायच्या. रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा. मागोमाग डबे घेऊन मी. बेकरीतल्या पत्र्यांवर नानकटाया मांडून द्यायच्या आणि रांगेत बसायचं. सगळ्यांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे, म्हणून सासूबाई प्रत्येक नानकटाईवर दोन चारोळ्या दाबायच्या. "एक चारोळी समोरच्या वाड्याची, दोन आपल्या," असा त्यांचा दंडक. ओव्हन नसलेल्या घरांनी काढलेली ही किती शहाणी तोड होती! प्रत्येकीनं भट्टी विकत घ्यायची नाही, गावात आहे ती वापरायची. आजही तुमच्या ओळखीचा बेकरीवाला दुपारी भट्टी मोकळी असताना दोन पत्रे भाजून देतो का, हे विचारायला लाजू नका. फार तर नाही म्हणेल.

घरी भाजायचं असेल तर जाड बुडाचं, उंच पातेलं घ्या. त्यात दोन बोटं बारीक वाळू घाला, पण चाळलेली, धुतलेली आणि कडकडीत वाळवलेली. वाळूऐवजी जाडं मीठही चालतं. वाळू ज्योतीची आच एका जागी लागू देत नाही, धग साठवते आणि सगळीकडे सारखी पसरते. वर कुकरची जाळी ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. मगच इडलीची ताटली आत ठेवा.

किती तापलं हे कळायला थर्मामीटर नसेल तर मैद्याला विचारा. छोट्या ताटलीत चमचाभर मैदा पातळ पसरून आत ठेवा. पाच मिनिटांत मैदा सोनेरी-तपकिरी झाला तर धग टार्टला आणि केकला योग्य. नुसता पिवळसर झाला तर आच कमी. गडद तपकिरी झाला तर जास्त.

बऱ्याच जणी यासाठी प्रेशर कुकर वापरतात. वापरायचाच असेल तर जुना, बाद झालेला घ्या आणि झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी आठवणीनं काढा. एकदा माझ्याच हातून रिंग राहिली होती. रबर वितळून झाकणाला चिकटलं आणि घरभर दोन दिवस वास. कोरड्या धगीनं ॲल्युमिनियमचा आकारही बिघडू शकतो, म्हणून भाजणीचा कुकर पुन्हा डाळ-भाताला घेऊ नये.

या पातेल्याची मर्यादाही सांगते. यात धग खालून येते, वरून फारशी नाही. त्यामुळे नानकटाई, टार्टची कवचं, साधा केक उत्तम होतो, पण खारी किंवा पॅटिस नीट फुलत नाही आणि वरून रंग येत नाही. गोव्यातल्या बायकांनी बेबिंकासाठी यावर उपाय काढला होता. बेबिंकाचा एकेक थर वरून भाजायचा असतो, म्हणून त्या भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवत. आपल्या गॅसच्या ओट्यावर ते जमणार नाही. त्यामुळे खारी हवी असेल तर सरळ बेकरी गाठा, आणि घरी पापुद्रे हवे असतील तर चिरोटे तळा! साध्या मायक्रोवेव्हच्याही नादी लागू नका. त्यात पदार्थ गरम होतो, पण खमंग, खुसखुशीत भाजला जात नाही. त्यासाठी कन्व्हेक्शनची सोय असलेलाच लागतो.

इथं बदली चालत नाही

काटकसर ही गोष्ट चांगली, पण काही ठिकाणी ती अंगाशी येते.

* बटर पेपरऐवजी वर्तमानपत्र कधीही घेऊ नका. छपाईची शाई तुपात उतरते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, असं सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही बजावलं आहे. मेणकागदही भाजायला चालत नाही, मेण वितळतं.
* रंगकामाचा ब्रश, नळाचा प्लास्टिक पाइप, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, या वस्तू कितीही नव्या असल्या तरी खाण्याजवळ आणू नका.
* पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून साचा करायची जुनी पद्धत होती. कड हाताला लागते, आणि हल्लीच्या डब्यांना आतून लेप असतो. भाजायला तो घेऊ नका.
* काचेची वाटी तापलेल्या वाळूवर ठेवू नका. तडकते.
* गरम ताटली ओल्या फडक्यानं धरू नका. ओल्यातून धग चटकन लागते. सांडशी किंवा जाड, कोरडं फडकं घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माप. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी घराघरांतल्या मुलींना स्वयंपाक शिकवला. आमटी-भाजीला वाटी उत्तम. पेस्ट्रीला मात्र ती दगा देते, आणि पुतणसुनेला दिलाच. पहिल्या दिवशी तिनं वाटीत मैदा दाबून भरला. कवचं अशी निघाली, की खिळा ठोकावा! दुसऱ्या दिवशी वाटीच दुसरी घेतली, तर कवच हातात धरताच भुगा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, मला नाही जमायचं हे."

मी तिला तीच वाटी घेऊन वाण्याकडे पिटाळलं. "त्याच्या काट्यावर आपल्या वाटीचं वजन घे, मग वाटीत न दाबता मैदा भर, सुरीनं सपाट कर आणि पुन्हा तोल. तसंच साखरेचं कर." आकडे आणून तिनं ते मांडणीच्या फळीवर पेन्सिलीनं लिहिले. तुलनेसाठी सांगते, २४० मिलिलिटरच्या कपात न दाबता भरलेला मैदा साधारण १२० ते १३० ग्रॅम आणि साखर २०० ग्रॅम भरते. पातळ पदार्थांना औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मिलिलिटरच्या खुणांचं झाकण स्वच्छ धुऊन वापरता येतं. लोण्याच्या पाकिटावर वजन छापलेलंच असतं. १०० ग्रॅमच्या वडीचे सुरीनं चार सारखे भाग केले, की २५-२५ ग्रॅम झाले.

श्रीखंडाचे टार्ट

*साहित्य:* मैदा २०० ग्रॅम, लोणी (बटर) १०० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, थंड दूध २ ते ३ मोठे चमचे. लोणी बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ. आत भरायला घट्ट श्रीखंड आणि वर फळांचे काप.

*कृती:* मैदा, साखर आणि मीठ चाळून घ्या. त्यात कडक लोणी किसा आणि बोटांच्या टोकांनी रव्यासारखं करा. चमच्याचमच्यानं दूध घालून गोळा होईल एवढंच एकत्र करा, मळू नका. ओल्या फडक्यात नाही, झाकणाच्या डब्यात ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये टाका. मग पट्ट्यांच्या मदतीनं ३ मिलिमीटर जाड लाटा, खळग्यापेक्षा थोड्या मोठ्या चकत्या वाटीनं पाडा, इडलीच्या ताटलीत बसवा, काट्यानं टोचे मारा आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटं गार करा. तापलेल्या पातेल्यात वर दुसरी ताटली बसवून दहा मिनिटं, मग ती काढून आणखी दहा ते पंधरा मिनिटं भाजा. कड बदामी झाली की काढा. गरम असताना ती नाजूक असतात, पाच मिनिटांनी हलवा. वरच्या मापात सोळा-अठरा कवचं होतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. श्रीखंड आयत्या वेळी भरावं, नाहीतर कवच मऊ पडतं. मे महिन्यात आंबा, थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. दोन्ही शोभतात.

मग काय झालं?

एका ताटलीत चार, म्हणजे तीन डझनांसाठी नऊ घाणे. एका घाण्याला पंचवीस मिनिटं धरली तर एकाच पातेल्यात पावणेचार तास. तिनं दोन शेगड्यांवर दोन पातेली चढवली आणि पहाटे चारला सुरुवात करून सहाच्या सुमाराला कवचं उतरवली. पाच मोडली. तो भुगा वाया नाही गेला, मुलीनं दुधात घालून खाल्ला. पण पाच जास्तीची भाजलेली होती, कारण मी तिला सांगून ठेवलं होतं, "बाई, पहिल्या खेपेला मोडतोड धरूनच चाल." नऊ वाजता पुतण्या स्वतः डबे घेऊन बारशाच्या घरी गेला. तो काही बोलला नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "पुढच्या रविवारी अजून दोन डझन विचारताहेत."

भिशी हलली नाही. ती जूनमध्ये फीलाच गेली. टार्टच्या पैशांतून तिनं पहिली वस्तू घेतली ती वजनाचा काटा. त्याला पर्याय नाही, हे तिनं स्वतः शिकून घेतलं होतं. चार-सहा ऑर्डरी झाल्यावर दुसरी वस्तू घेतली, छोटा ओव्हन. तेव्हा तिला नेमकं ठाऊक होतं, की आपल्याला किती मोठा हवा आणि का हवा. मग आम्ही दोघी बोहरी आळीत गेलो. दुकानात नोझलचे संच बघितले, हातात घेतले आणि परत ठेवले. त्या सतरांतल्या पंधरा वस्तू तिनं अजून घेतलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र तिनं वेळेवर केली, तुम्हीही करा. घरून खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. धंदा लहान आहे म्हणून टाळू नका. पदार्थात अंडं आहे की नाही, हेही डब्यावर स्पष्ट लिहा. घेणारीचा विश्वास हेच आपलं भांडवल आहे.

तर मैत्रिणींनो, वस्तू घेऊ नका असं मी म्हणत नाही. ज्या वस्तूवाचून आपलं दहा वेळा अडलं, ती अकराव्या वेळी जरूर घ्या, आणि आपल्या कमाईतून घ्या. तोवर आजीचं कातणं घासून लख्ख करा. आणि तुमच्या घरात अशी एखादी युक्ती असेल तर आम्हाला जरूर लिहून कळवा. इडलीपात्रात टार्ट होतात, तर आप्पेपात्रात काय काय होत असेल, हे ऐकायला आमची पुतणसून कान टवकारून बसली आहे!